मोबाइलवरची बारीक अक्षरे आणि साठीतले डोळे

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी साठीतले एक शेतकरी आमच्या रुग्णालयात आले. अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथरत होते. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या बरीच खाली गेली होती. साखरपाणी पाजल्यावर ते बोलते झाले. तपासणीसाठी ते उपाशीपोटी जाफराबादला आले होते, पण मधुमेहाची रोजची गोळी घेऊनच निघाले. प्रयोगशाळा मात्र बंद होती.

त्यांनी खिशातला मोबाइल काढून प्रयोगशाळेचे संकेतस्थळ दाखवले. ‘उपाशीपोटी या’ हे ठळक अक्षरांत होते. ‘गोळी तपासणीनंतर, नाश्त्याबरोबर घ्या’ आणि ‘रविवारी बंद’ या दोन ओळी पार तळाशी, फिकट करड्या रंगात. मलाही चष्मा लावूनच त्या वाचता आल्या.

दोष कुणाच्या हेतूचा नव्हता. संकेतस्थळ संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तयार होते आणि तिथेच पसंत केले जाते. ग्राहक मात्र ते हाताएवढ्या पडद्यावर, बसस्थानकात, उन्हात उभा राहून पाहतो.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे धूसर दिसू लागते. पुढे ते पिवळसर होते, मोतीबिंदूत गढूळ होते. मग अक्षर मोठे असले तरी फिकट रंग पार्श्वभूमीत विरून जातो. त्यात आपल्या देवनागरीत मात्रा, वेलांट्या वर आणि उकार खाली. इंग्रजीच्या मापाने बसवलेल्या ओळी एकमेकींत घुसतात.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. पडद्याच्या रुंदीनुसार पानाने स्वतःची मांडणी बदलावी, ही ‘रिस्पॉन्सिव्ह’ पद्धत इथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडली. आज संकेतस्थळांचे बहुतेक तयार साचे तसेच असतात. किराणा, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, दवाखाना, कुणाचेही पान असो, बनवणाऱ्याला एवढे सांगा:

• मजकुराचे अक्षर किमान 16 पिक्सेल, मराठीसाठी त्याहून थोडे मोठे, आणि ओळींत मोकळी जागा ठेवावी.
• अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 : 1 असा फरक हवा. हा वेबचा जागतिक निकष आहे. पांढऱ्यावर काळे सर्वांत सोपे.
• दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोय बंद करू नये. काही पानांवर ती मुद्दाम बंद केलेली असते.
• वेळ, सुटीचा दिवस, पत्ता आणि फोन सर्वांत वर असावेत. क्रमांकाला बोट लावताच फोन लागला पाहिजे.
• बटणे बोटाच्या पेराएवढी आणि सुटी सुटी असावीत. हात थरथरणाऱ्याचे किंवा मधुमेहाने बोटे बधिर झालेल्याचे बोट नेमके पडत नाही.
• माहिती छायाचित्रात कोंबू नये. मोबाइलमधले अक्षर मोठे केले तरी चित्रातले मोठे होत नाही. अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’लाही पानातली अक्षरेच लागतात.
• मोबाइलने काढलेला फोटो कित्येक एमबींचा असतो. तो लहान करून टाकावा, नाहीतर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडतच नाही.

दिव्यांग हक्क कायदा 2016 नेही माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे, अशी अपेक्षा धरली आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? आपल्या पानाची परीक्षा आजच घेता येईल. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात मोबाइल द्या, त्याला अंगणात उन्हात उभे करा आणि विचारा : दुकान आज उघडे आहे का? फोन कुठे लावायचा? येताना काय काळजी घ्यायची? उत्तरासाठी त्याला डोळे बारीक करावे लागले, तर पान नापास.

आणि मधुमेहींनो, उपाशीपोटी तपासणीला जाताना सकाळची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. खिशात साखरेची पुडी ठेवा. त्या शेतकऱ्यांच्या खिशात मोबाइल होता, साखर नव्हती.