नावापुढची टिंबं

रात्री साडेअकराला फोन थरथरतो. पडद्यावर एक ओळ : ‘विनोद कांबळीबद्दल मोठी अपडेट…’ पोटात गोळा येतो. उघडून बघावं, तर कुणीतरी जुनाच व्हिडिओ पुन्हा टाकलेला.

रागावण्याचा मला फारसा हक्क नाही. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर वर्षभर रात्रपाळी करताना अशा ओळी मीही लिहिल्या आहेत.

समोर दोन पडदे असायचे. एकावर लोक काय शोधताहेत ते, दुसऱ्यावर आमची कुठली बातमी किती जण वाचताहेत त्याचा हलता आकडा. एखादं नाव वर चढलं, की शिफ्ट इनचार्ज म्हणायचा, ‘‘कांबळी चालतोय, काहीतरी टाक.’’ काय टाकायचं ते माझं मी बघायचं. १९९३ साली हेच वाक्य म्हटलं जायचं तेव्हा कांबळीने वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ धावा केलेल्या असायच्या आणि पुढच्याच कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७.

अलर्ट लिहिण्याची खरी मेख ओळ कुठे तुटते यात असते. बंद फोनवर जेमतेम सात-आठ शब्द दिसतात. म्हणून नाव आधी घ्यायचं, मग काळजीचा एखादा शब्द, पुढे टिंबं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे आमच्या धंद्याला फार सोयीचं. ‘विनोद कांबळी रुग्णालयात’ एवढं बाहेर ठेवलं, की ‘आहे’, ‘होता’ की ‘गेलाच नव्हता’, ते कळायला आत यावं लागतं. खोटं काहीच लिहिलेलं नसतं.

पुढचं काम वाचकच करतात. घाबरलेला माणूस ‘कांबळीला काय झालं’ असं शोधतो. त्याच्यासारखे हजारो शोधतात, नाव आणखी वर चढतं आणि दुसऱ्या कुठल्या तरी डेस्कवरचा इनचार्ज म्हणतो, ‘‘कांबळी चालतोय.’’ घडलेलं काहीच नसताना हे चक्र पहाटेपर्यंत फिरताना मी पाहिलं आहे.

अधूनमधून खरंच काही घडतं, म्हणून तर ते फिरतं. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथे सचिन तेंडुलकर कांबळीजवळ गेला, तर कांबळी त्याचा हात सोडेना. काही सेकंदांचं ते दृश्य. त्याच महिन्यात कांबळीला भिवंडीच्या रुग्णालयात दाखल केलं. हात न सोडण्याचा तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला, दोनदा. तेव्हापासून माझ्याच फोनने मला कांबळीचं गिऱ्हाईक ठरवलंय.

आणि नावही असं, की उघडल्याशिवाय राहवत नाही. १९८८ ची शालेय हॅरिस शील्ड स्पर्धा, शारदाश्रम शाळेची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. त्यात कांबळीच्या ३४९ आणि सचिनच्या ३२६. सतरा कसोट्या, सरासरी ५४.२०, आणि शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. पन्नाशीतल्या मराठी माणसाच्या मनात हा हिशेब मिटलेला नाही. आम्ही त्यावरच जगत होतो.

एका १८ जानेवारीला मी ठरवून सरळ लिहिलं : ‘विनोद कांबळीचा आज वाढदिवस’. टिंबं नाहीत, काळजीचा शब्द नाही. नेहमीच्या निम्म्या लोकांनीही ते उघडलं नाही. इनचार्जने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दहा मिनिटांनी बाबांचा फोन. त्यांनी ती २२४ ची खेळी स्टँडमध्ये बसून पाहिलेली. चष्मा हाताशी नसावा, त्यामुळे नावापुढे काही वाचलं नव्हतं.

‘‘काय रे, कांबळीला काय झालं?’’

‘‘काही नाही बाबा. वाढदिवस आहे.’’

थोडा वेळ पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज.

‘‘मग एवढ्या रात्री कशाला सांगता?’’