चढ, वीज आणि खेळातली आगगाडी

डब्लिनच्या दक्षिणेस, समुद्रकाठच्या डन लिअरी गावी माझी धाकटी बहीण राहते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिचा दहा वर्षांचा मुलगा दारातच म्हणाला, "मावशी, आजोबांचं इंजिन बिघडलं. चढावर जातच नाही."

हे आजोबा म्हणजे आमचे वडील. परळच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांची उमेद गेली. निवर्तण्यापूर्वी नातवाला त्यांनी दिलेली शेवटची भेट म्हणजे ही खेळातली आगगाडी: एक इंजिन, चार डबे, थोडे रूळ आणि विजेचा कंट्रोलर. आपल्या बेने इस्राएल समाजातील कितीतरी घरांत कोणी ना कोणी रेल्वेत चाकरीला होते. त्यामुळे ही हकीकत वाचताना पुष्कळांना आपले वडील, आपले आजोबा आठवतील. मुलाला मात्र एवढेच दिसत होते, की आजोबांनी दिलेले इंजिन निकामी झाले आणि आता ते पेटीत बंद करून ठेवावे लागणार.

मी इंजिनिअर नव्हे. परंतु अध्यापनाच्या प्रशिक्षणात एक गोष्ट अंगी बाणली आहे. मूल जेव्हा म्हणते, "मला येतच नाही," तेव्हा अगोदर प्रश्नपत्रिका तपासावी. आम्ही इंजिन सपाट रुळांवर ठेवले. चारही डबे घेऊन ते सुरेख धावले. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, आम्ही बांधलेल्या मार्गात होता.

आठ फूट लांब, चार फूट रुंद फळीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग होता. एक रूळ दुसऱ्यावरून पुलाने जाई. खालून गाडी जाण्याइतकी जागा आणि पुलाची जाडी धरून रूळ पंचाहत्तर मिलिमीटर उचलला होता, आणि तोही अवघ्या दीड मीटरात. १,५०० भागिले ७५ म्हणजे २०. वीस हात पुढे जाताना एक हात वर! भाच्याला मी विचारले, "मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाट किती कठीण असेल?" १८६३ साली खुला झालेला तो घाट ३७ ला १ असा आहे, आणि तेथे कर्जतला गाड्यांना मागून रेटणारी जादा इंजिने लावावी लागतात. आयर्लंडातही ट्रली ते डिंगल हा तीन फुटी रुळांचा मार्ग (१८९१ ते १९५३) २९ ला १ चढाचा होता, आणि त्याच्या उतारावर १८९३ साली डुकरे भरलेली एक मालगाडी आवरली न जाऊन तीन रेल्वे कामगार मृत्युमुखी पडले. वीस ला एक चढ नेरळ-माथेरानच्या गाडीला शोभतो. पण ती गाडी त्या डोंगरासाठीच बांधलेली आहे.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. इंजिन ३०० ग्रॅम, चार डबे ५२० ग्रॅम, एकूण ८२०. चढावर वजनाचा तितकाच हिस्सा गाडीला मागे ओढतो: वीस ला एक असेल तर विसावा, म्हणजे ४१ ग्रॅम. चाळीस ला एक असेल तर साडेवीस. सपाट रुळांवरचे घर्षण आहेच, ते वेगळे. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, त्याचा भार आणखी निराळा. म्हणून चढ शक्यतो सरळ भागात घ्यावा आणि वळणावर घेणे भागच असेल तर तो अधिक सौम्य ठेवावा. मोटर फिरत राहते, चाके जागच्या जागी घसरतात, आणि मुले समजतात इंजिन मेले.

नवशिक्याने चाळीस ला एक हे प्रमाण धरावे, फार तर तीस. पण पंचाहत्तर मिलिमीटर चाळीस पटींनी चढायला तीन मीटर लागतात आणि तितकेच उतरायला, तर आमचा सारा मार्गच सहा मीटरच्या आसपास. येथे आम्ही दोन युक्त्या केल्या. पुलाची जाड लाकडी फळी काढून पातळ पत्रा घातला, तेव्हा उंची अडुसष्टवर आली. आणि गाडी एकाच दिशेने फिरवायची असे ठरविले. मग चढ चाळीस ला एक, आणि उतार मात्र अठ्ठावीस ला एक पुरे. म्हणजे चढाला सव्वादोन मीटरांहून अधिक, नेमके सांगायचे तर २७२ सेंटिमीटर, आणि उताराला सुमारे १९०. उरलेला दीड मीटर सपाट. तो सपाट भाग वाया गेला असे मानू नये. चढाचा आरंभ आणि शेवट कोनात मोडला, तर पायथ्याशी डब्यांचे आकडे सुटतात आणि माथ्यावर इंजिनाची पुढची चाके अधांतरी राहतात. पातळ प्लायवुडची सलग पट्टी खांबांवर वाकविली, की ती आपोआप हळूहळू उचलली जाते.

आता वाटले, काम झाले. तरीही माथ्याजवळ गाडी रेंगाळायची, कधी थांबायची.

तिसऱ्या प्रहरी आम्ही डार्टने डॉकीपर्यंत फिरायला गेलो. डन लिअरीचे त्या काळचे नाव किंग्जटाउन. तेथून डॉकीपर्यंत पावणेदोन मैलांवर १८४३ साली एक विलक्षण गाडी सुरू झाली होती. चढ सरासरी ११५ ला १, सर्वांत कठीण जागी ५७ ला १. त्या गाडीला इंजिनच नव्हते! रुळांच्या मधोमध पंधरा इंच व्यासाचा लोखंडी नळ होता. वर डॉकीला वाफेचा पंप त्या नळातील हवा शोषून घेई. पुढच्या डब्याखालचा दट्ट्या नळात असे, आणि मागच्या हवेच्या दाबाने तो वर ढकलला जाई. परत येताना गाडी उतारावर आपल्या भाराने घरंगळत येई. शक्ती डोंगरावर एका जागी, गाडी हलकी. कल्पना किती सुंदर! मात्र दट्ट्याला डब्याशी जोडणारा दांडा बाहेर यावा म्हणून नळाला वरून लांब फट ठेवावी लागली होती. तिच्यावर चरबी लावलेली चामड्याची झडप असे. त्या झडपेतून हवा गळे, आणि ती नीट राखणे महाग पडे. १८५४ साली तो प्रयोग संपला.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आपली गाडीही तशीच ना? शक्ती कंट्रोलरात, गाडीत काही नाही. आपली वीज कुठे गळते?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात वर्षातून एखाद्या वेळीच मिळतो.

खेळातल्या गाडीत एका रुळाने वीज जाते, दुसऱ्याने परतते, सर्वसाधारणपणे बारा व्होल्ट. रुळाचे तुकडे छोट्या पत्र्याच्या जोडपट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि दर सांध्यावर थोडा विरोध होतो. घरी येऊन मीटर लावला. गाडी उभी असताना सर्वत्र बारा दिसले, आणि येथेच नवशिके फसतात. गाडी चढावर चालू असताना मोजले, तेव्हा माथ्याजवळ दहा! हिशेब सोपा आहे. इंजिन अर्धा अँपिअर घेत असेल आणि वाटेतला विरोध चार ओहम असेल, तर दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चढावर इंजिन जास्त वीज मागते, म्हणून तूटही तेथेच जास्त. आमच्या तारा स्टेशनाजवळ एकाच जागी जोडलेल्या होत्या आणि माथा बरोबर तिच्या समोरच्या टोकाला.

उपाय मोठ्या रेल्वेनेच दाखविलेला आहे. १९८४ सालच्या जुलैत सुरू झालेली डार्ट १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर चालते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेली पहिली विजेची गाडीही १,५०० व्होल्टचीच होती. वडिलांच्या तोंडी हा आकडा नेहमी असे. (मुंबईच्या लोकल मार्गांवर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट आले, मध्य रेल्वेवर ते काम २०१६ साली पुरे झाले.) अशा मार्गांवर ठरावीक अंतराने उपकेंद्रे असतात, कारण एकाच टोकाकडून दिलेली वीज दूरवर पुरत नाही. आम्ही फळीखालून तांब्याच्या दोन जाड तारा फिरविल्या, एक लाल, एक काळी. त्यांतून पुलाच्या दोन्ही बाजूंस, चढाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर रुळांना बारीक तारा डाख देऊन जोडल्या. लाल तार नेहमी एकाच रुळाला, हे मात्र विसरू नये. चुकले तर थेट शॉर्ट. मार्ग वळून स्वतःलाच उलटा मिळत असेल तरी तोच अनर्थ होतो, म्हणून नवशिक्यांनी तसला फेरा टाळावा. घरातल्या २३० व्होल्टशी संबंध फक्त कारखान्यात तयार झालेल्या ट्रान्सफॉर्मरचा असावा, आणि तो मुलांनी उघडू नये.

शुक्रवारी सायंकाळी दिवे लावण्यापूर्वी भाच्याने स्वतःच प्लग काढून ठेवला. आयर्लंडच्या उन्हाळ्यात शब्बाथ निघायला रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा गाडीचा मुहूर्त रविवार सकाळवर गेला. मधल्या काळात मी त्याला मॅलाहाइडच्या छोट्या रेल्वे संग्रहालयाविषयी सांगितले. इंचिकोरच्या रेल्वे वर्कशॉपातील सिरिल फ्राय या गृहस्थांनी आयर्लंडच्या गाड्यांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षे हाताने घडविल्या. १९७२ साली ते वारले. त्यांच्या गाड्या अनेक वर्षे तेथील किल्ल्याच्या आवारात होत्या, आणि २०२० पासून गवताने शाकारलेल्या एका जुन्या घरात मांडल्या आहेत. "आजोबांसारखेच वर्कशॉपातले," भाचा म्हणाला.

रविवारी चारही डबे घेऊन इंजिन माथा ओलांडून गेले, सावकाश, एका लयीत. उतारावर कंट्रोलरची मूठ किंचित मागे घ्यावी लागते, ते त्याला दोन फेऱ्यांत जमले. मग त्याने शेजारच्या मित्राचा पाचवा डबा जोडून पाहिला. पायथ्यापासून हातभर वर चाके घसरू लागली. रूळ पुसून पाहिले, तरी तेच. त्याने डबा काढून मित्राला परत दिला आणि चढाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची एक पाटी उभी केली: कमाल डबे ४.