इसहाक, याकोब आणि परत न घेता येणारा आशीर्वाद

हिब्रू कुलपित्यांच्या कथांत आशीर्वाद म्हणजे नुसत्या शुभेच्छा नव्हेत. एकदा तोंडून निघाला की तो परत घेता येत नाही!

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या 27व्या अध्यायात म्हाताऱ्या इसहाकाची दृष्टी गेलेली आहे. त्याची बायको रिबका हिच्या सांगण्यावरून धाकटा मुलगा याकोब थोरल्या एसावाचे कपडे घालतो, हातांना नि मानेला करडांची कातडी गुंडाळतो आणि आशीर्वाद मिळवतो. खरा प्रकार कळल्यावर इसहाक थरथर कापतो, एसाव टाहो फोडतो; पण दिलेला शब्द बदलत नाही.

48व्या अध्यायात हाच याकोब इजिप्तमध्ये आजारी पडलेला असतो. आता त्याचीही नजर अधू झालेली. त्याचा मुलगा योसेफ आपले दोन मुलगे पुढे आणतो: थोरला मनश्शे आजोबांच्या उजव्या हाताशी, धाकटा एफ्राईम डाव्या. याकोब मात्र मुद्दाम उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. योसेफ तो हलवू पाहतो, पण म्हातारा ऐकत नाही. योसेफ इजिप्तचा राजा फारो याचा मोठा अधिकारी, तरी इथे अधिकार चालतो तो बापाचा.

चित्रकार रेम्ब्रांटने 1656 मध्ये हा प्रसंग रंगवला. आजही अनेक ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी मुलग्यांना याच दोन भावांच्या नावाने आशीर्वाद दिला जातो.