कारखान्याच्या मापाचें सॉफ्टवेअर

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक गोष्ट सर्रास आढळते. घरचा मुलगा, मुलगी किंवा सून सॉफ्टवेअरच्या कामावर असते. तिचा पगार, तिच्या कामाच्या अवेळा आणि तिचे परदेशचे दौरे घरांतील सर्वांस तोंडपाठ असतात. परंतु ती दिवसभर नेमकें काय करते, असें विचारल्यास आजीपासून नातवापर्यंत कोणासहि नीट सांगतां येत नाहीं. बँकेचा किंवा आगगाडीच्या तिकिटांचा व्यवहार संगणकावर चालतो, एवढें सर्वांच्या अनुभवाचें आहे. मात्र जेथें लोखंडाच्या कांबीचा शाफ्ट होतो किंवा पत्र्याचा दरवाजा होतो, त्या प्रत्यक्ष घडणीच्या जागीं सॉफ्टवेअरचें काय काम, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. हें काम मोठें आहे, कठीण आहे, आणि आमच्या मतें आपल्यासारख्या घरांतील एका जुन्या दोषावर तें उत्तम औषधहि आहे. म्हणून त्याची थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तयार कपडा आणि मापाचा कपडा

सॉफ्टवेअर दोन प्रकारचें असतें. एक तयार मिळणारें आणि दुसरें माप घेऊन बेतलेलें. हिशेब, पगार, कर या गोष्टी बहुतेक सर्व पेढ्यांत सारख्याच असल्यामुळें तेथें तयार सदरा अंगास बरा बसतो. कारखान्याच्या शॉपमधील गोष्ट निराळी. एकच भाग बनविणारे दोन कारखाने घेतले, तरी एकांत यंत्रांचा क्रम एक, तर दुसऱ्यांत दुसरा. एकांत तपासणी प्रत्येक नगाची, तर दुसऱ्यांत शंभरांतून पांचांची. येथें शिंप्याला फीत घेऊन यावेंच लागतें.

या मापाच्या सॉफ्टवेअरचें काम काय, तें पाहूं. कांब कारखान्यांत येते, कापली जाते, लेथवर कातली जाते, भट्टींत तापवून कठीण केली जाते, घासून अचूक मापाची केली जाते आणि शेवटीं तपासली जाते. यांतील कोणतें काम कोणत्या यंत्रावर, कोणत्या शिफ्टमध्यें, कोणतें टूल लावून झालें आणि माप काय भरलें, याची नोंद पूर्वी मालाबरोबर फिरणाऱ्या कार्डावर, भिंतीवरच्या फळ्यावर, फोरमनच्या खिशांतील वहींत आणि मुख्यतः त्याच्या डोक्यांत असे. फोरमन रजेवर गेला कीं निम्मा कारखाना आंधळा! ही विखुरलेली माहिती जागच्या जागीं टिपून ठेवणें, पुढचें काम कोणत्या यंत्रावर घ्यावें हें सुचविणें, आणि वर्षभरानें एखाद्या शाफ्टला तडा गेलेला आढळल्यास त्याच भट्टींतून त्याच दिवशीं निघालेले त्याचे भाऊबंद हुडकून देणें, हें या सॉफ्टवेअरचें कर्तव्य. ही नोंद नसेल, तर हजारों गाड्या परत बोलवाव्या लागतात. ती असेल, तर थोड्याशा नगांवर निभावतें.

चहा-पावाच्या धंद्यांतून झालेला उगम

या विद्येचा आरंभ शोधूं गेल्यास तो आपणांस पाव-केकच्या भट्टीपाशीं नेतो, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. लंडनमध्यें जे. लायन्स आणि कंपनी या नांवाची मोठी पेढी होती. तिचीं चहागृहें ठिकठिकाणीं होतीं, आणि त्यांस लागणारे पाव, केक वगैरे पदार्थ कॅडबी हॉल येथील तिच्या भट्ट्यांत तयार होत. १९४७ सालीं या पेढीचे दोन अधिकारी अमेरिकेंतील नवीं गणकयंत्रें पाहून आले. पेढीनें केंब्रिज विद्यापीठांत चाललेल्या यंत्राच्या उभारणीस पैशाची व माणसाची मदत केली, आणि त्याच धर्तीवर ‘लिओ’ नांवाचें स्वतःचें यंत्र बांधलें. यंत्रांत सुमारे ६००० व्हॉल्व्ह होते. १९५१ च्या नोव्हेंबरांत त्यानें जें पहिलें नियमित काम हातीं घेतलें, तें भट्टीखात्यांतील मालाच्या किंमतीचा आठवड्याचा हिशेब करण्याचें होतें. धंद्याच्या रोजच्या कामास संगणक जुंपल्याचें हें जगांतील पहिलें उदाहरण मानलें जातें.

या यशाचें खरें रहस्य यंत्रांत नव्हतें. डेव्हिड कॅमिनर व त्यांचे सहकारी मूळचे पेढींतलेच होते. कोणत्या खात्यांत कोणतें काम कसें चालतें, याचा कसून अभ्यास करण्याची परंपरा त्या पेढींत संगणकाच्या आधींपासून होती. १९५४ मधील एक योजना पाहा. प्रत्येक चहागृहाची व्यवस्थापिका रोज दुसऱ्या दिवसाच्या मालाची लांबलचक यादी भरून पाठवी. लिओच्या मंडळींनीं पाहिलें कीं, सोमवारची मागणी बहुधा मागील सोमवारसारखीच असते. तेव्हां त्यांनीं वाराप्रमाणें ठरीव यादी यंत्रांत ठेवली, आणि व्यवस्थापिकेनें ठरलेल्या वेळीं दूरध्वनीवरून फक्त फरक तेवढा सांगावा, असा क्रम घातला. बाईंचें लिखाण वांचलें आणि भट्टीस मागणी वेळेवर कळूं लागली. ही कल्पना सुचावयास गणिताहून त्या बाईंच्या दिवसाची जाण अधिक आवश्यक होती. याच पेढींत १९५२ सालीं मेरी कूम्ब्स या बाई आज्ञावली लिहूं लागल्या; त्यांची पदवी फ्रेंच व इतिहास या विषयांची होती. आपल्या मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कारागिराच्या भाषेंत

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील मोटारींच्या कारखान्याचें. १९६८ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागांत गिअरबॉक्स तयार करणाऱ्या यंत्रांची हालचाल रिले नांवाच्या असंख्य विद्युत्-खटक्यांवर चाले. नवा नमुना काढावयाचा म्हणजे कपाटेंच्या कपाटें तारा उपटून पुन्हां जोडावयाच्या. त्याऐवजी ज्याच्या आज्ञा बदलतां येतील असें एखादें साधन मिळावें, अशी त्या विभागाची मागणी होती. डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘मॉडिकॉन ०८४’ हें साधन तयार केलें आणि १९६९ सालीं तें कारखान्यांत पोंचलें. हा त्यांचा ८४ वा उपक्रम असल्यामुळें तोच क्रमांक त्याचें नांव झाला.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. या साधनास आज्ञा देण्यासाठीं गणितज्ञांची भाषा न वापरतां शॉपमधील वीजतंत्र्यांच्या परिचयाचे, शिडीसारखे दिसणारे नकाशेच भाषा म्हणून स्वीकारले गेले. दोन उभ्या रेघा आणि मध्यें पायऱ्या. प्रत्येक पायरीवर ‘हा खटका मिटला तर ती मोटर चालू’ अशा अर्थाचें चित्र. ज्या माणसानें आयुष्यभर तारा जोडल्या, त्याला तें पाहतांच वाचतां आलें. रात्रीं दोन वाजतां यंत्र बंद पडलें, तर अभियंत्यास झोपेंतून उठविण्याची गरज उरली नाहीं. १९९३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांतहि या शिडीच्या भाषेस स्थान मिळालें. ज्या विद्येनें कारागिरास परकें केलें नाहीं, ती टिकली.

माळ्यावरचे डबे

याच्या उलट प्रकार १९९९ सालीं हर्शी या अमेरिकेंतील प्रसिद्ध चॉकलेटच्या कंपनींत घडला. तेथें मागणीपासून पाठवणीपर्यंत सर्व व्यवहारांसाठीं नवें सॉफ्टवेअर बसवावयाचें ठरलें. सुमारें ४ वर्षांचें काम अडीच वर्षांत उरकण्याचा बेत झाला, आणि तें सुरू झालें ऐन हंगामाच्या तोंडावर, जुलैमध्यें. ऑक्टोबरच्या सणास मुलांस मिठाई वाटावयाची, तर कोठारांत माल असूनहि दुकानांत पोंचेना! सुमारे १० कोटी डॉलरांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करतां आल्या नाहींत, आणि त्या तिमाहीचा नफा मागील वर्षापेक्षां १९ टक्क्यांनीं घटला. या अनर्थाच्या कारणांत एक मोठें बोधप्रद आहे. गर्दीच्या दिवसांत कारखान्यांतील रिकाम्या खोल्यांतून व भाड्याच्या जागांतून माल ठेवण्याची तेथील लोकांची जुनी वहिवाट होती. त्या जागा जुन्या माणसांस ठाऊक होत्या. सॉफ्टवेअरला त्यांची ओळख कोणीं करून दिली नव्हती.

एकत्र कुटुंब चालविणाऱ्या गृहिणींस हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. कोठीघराची यादी कितीहि सुबक असो; दिवाळीचे डबे माळ्यावर कोणत्या पेटाऱ्यामागें आहेत, हें सासूबाईंसच ठाऊक असतें. नव्या सुनेनें नुसती यादी वाचून संसार हातीं घेतला, तर पहिल्याच सणास फजिती ठरलेली! कारखान्यांतहि कागदावरचा एक कारखाना असतो आणि प्रत्यक्षांतला दुसरा. दोहोंतील अंतर ओळखणें, हीच या धंद्यांतील पहिली व अवघड पायरी होय.

आंकड्यांचा प्रामाणिकपणा

अंतर ओळखल्यावरहि पुढें अडचणी असतातच. यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत मोजे असतात व मोज्यांस तेल लागलेलें असतें. कार्यालयांत शोभून दिसणारी बारीक बटणें त्याच्या काय उपयोगाचीं? आवाज एवढा कीं घंटा ऐकूं येऊं नये. तेथें दिवाच पाहिजे. जाळें मध्येंच तुटलें, तरी नोंद हरवतां कामा नये, कारण यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं. आणि भाषा? महाराष्ट्रांतील कारखान्यांत ‘सेटिंग’, ‘जॉब’, ‘रिजेक्शन’ हे शब्द मराठींत केव्हांच रुळले आहेत. पडद्यावर तेच असावेत. शब्दकोश उघडून बनविलेले अवजड प्रतिशब्द नकोत आणि परदेशी पुस्तकांतील इंग्रजी वाक्येंहि नकोत.

परंतु सर्वांत नाजूक प्रश्न विश्वासाचा आहे. यंत्राची परिणामकारकता मोजण्याचें एक गणित जपानी अभियंते सेइची नाकाजिमा यांनीं प्रसृत केलें आहे. समजा, ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्यें यंत्र ४८ मिनिटें बंद होतें. म्हणजे उपलब्धता ९० टक्के. चालू असतां वेग अपेक्षेच्या ९५ टक्के, आणि झालेल्या मालांतील चांगले नग ९८ टक्के. तिघांचा गुणाकार केला कीं सुमारे ८४ टक्के येतो. गणित सोपें आहे. पण यंत्र ४८ मिनिटें कां थांबलें, याचें उत्तर कारागिरास द्यावयाचें असतें. त्याच्यापुढें ३० कारणांची यादी ठेविली, तर तो पहिलें कारण दाबून मोकळा होतो. आणि ‘टूल तुटलें’ असें खरें सांगितल्याबद्दल एकदां जरी त्याचा पगार कापला गेला, तरी त्या दिवसापासून त्या कारखान्यांत टूल कधीं तुटत नाहीं! आंकडे उत्तम येऊं लागतात आणि माल पूर्वीसारखाच वाईट निघतो.

जपानांत साकिची टोयोडा यांनीं १९२४ सालीं पूर्ण केलेला माग धागा तुटतांच आपोआप थांबत असे. त्यांच्या घराण्यानें पुढें काढलेल्या मोटारींच्या कारखान्यांत तेंच तत्त्व माणसांस लाविलें गेलें: दोष दिसतांच कामगारानें दोरी ओढावी, दिवा लागावा, आणि मुकादमानें रागें न भरतां मदतीस धांवून यावें. माहिती मदतीसाठीं घेतली जाते, अशी खात्री पटली कीं माणसें खरें सांगतात. पाळत ठेवण्यासाठीं घेतली जाते, असा संशय आला कीं खोटें सांगतात. सॉफ्टवेअर लिहिणारा तरुण या प्रश्नापासून अलिप्त राहूं शकत नाहीं. कोणती नोंद कोणास दिसावी, हें त्याच्याच बोटांनीं लिहिलें जातें. एका ओळीनें तो फोरमनला साह्य करूं शकतो, आणि एका ओळीनें कोणाच्या भाकरीवर गदा आणूं शकतो.

लेखणी आणि हत्यार

आतां आरंभीं उल्लेखिलेल्या दोषाकडे वळूं. आपल्या घरांतून लेखणीस पिढ्यान्‌पिढ्या मान मिळाला; हत्यारास मिळाला नाहीं. हात काळे करणाऱ्यानें आपणांस ‘साहेब’ म्हणावें आणि आपण त्यास नांवानें हांक मारावी, ही रीत इतकी अंगवळणी पडली कीं तिचा संकोचहि वाटेनासा झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांसारख्यांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून कारखानदारीची वाट धरली, आणि १९१० सालीं ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचें नांव आपण अभिमानानें घेतों. परंतु त्यांची वाट आपल्यापैकीं थोड्यांनींच चोखाळली. आज पुण्याच्या एका अंगास हिंजवडीचीं सॉफ्टवेअरचीं कार्यालयें आणि दुसऱ्या अंगास भोसरी-चाकणचे कारखाने उभे आहेत. दोहोंमधील अंतर थोड्या कोसांचें आहे. मनांतील अंतर मात्र फार मोठें आहे.

मापाचें सॉफ्टवेअर करणाऱ्यास तें अंतर तोडावेंच लागतें. टोयोटाचे ताइची ओनो नवख्या अभियंत्यास शॉपमध्यें खडूनें काढलेल्या वर्तुळांत उभें करून तासन् तास नुसतें पाहावयास लावीत, असें सांगतात. आपल्याकडील तरुणांनींहि पहिली ओळ लिहिण्यापूर्वी तिन्ही शिफ्टमध्यें, विशेषतः रात्रपाळींत, असें उभें राहावें. वीस वर्षें एकाच लेथवर काढलेल्या मामांस ‘अहो’ म्हणून विचारावें, त्यांच्याबरोबर कँटीनचा चहा घ्यावा, आणि त्यांनीं ‘हें असें चालत नाहीं, साहेब’ म्हटलें, तर आपलें रेखाटन निमूटपणें पुसावें. पदवीच्या परीक्षेंत ही विद्या मिळत नाहीं.

घरच्या वडीलधाऱ्यांसहि आमची एक सूचना आहे. मुलगा किंवा सून शर्टावर तेलाचा डाग घेऊन घरीं आली, तर ‘एवढें शिकून हेंच का?’ असें म्हणूं नये. ‘आज कोणतें यंत्र पाहिलेंस? तें चालविणाऱ्यानें तुला काय सांगितलें?’ असें विचारावें. ज्या घरांत हा प्रश्न रोज विचारला जाईल, त्या घरांतील माणसांनीं लिहिलेलें सॉफ्टवेअर कारखान्याच्या अंगास नीट बसेल, याबद्दल आम्हांस शंका नाहीं.