पर्यटनस्थळाचे जीवनचक्र : माथेरानचे उदाहरण

पर्यटनस्थळे स्थिर नसतात. ती उदयास येतात, विस्तारतात आणि कालांतराने त्यांचे आकर्षण ओसरूही शकते. हा क्रम स्पष्ट करणारे प्रारूप भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये मांडले. त्यात शोध, सहभाग, विकास, दृढीकरण व कुंठितावस्था आणि त्यानंतर ऱ्हास किंवा पुनरुज्जीवन असा क्रम सांगितला आहे. स्थळाची धारणक्षमता ओलांडली गेल्यास ऱ्हासाचा धोका वाढतो, हे त्यामागील प्रमुख सूत्र होय. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील माथेरानच्या आधारे या प्रारूपाचा विचार केला आहे.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांना १८५० मध्ये या पठाराचे महत्त्व जाणवले. ही शोधावस्था होय. पुढे मुंबईतील युरोपीय व पारशी धनिकांनी येथे बंगले बांधले. घोडे, हमाली व निवासव्यवस्था यांतून स्थानिकांचा सहभाग वाढला. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली आणि विकासावस्थेस चालना मिळाली.

वाहतूक सुलभ झाली की सामान्यतः रस्ते, मोटारी व बांधकामे वाढतात. माथेरानात मात्र खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे वनाच्छादनास संरक्षण लाभले.

तथापि, या संरक्षणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतो. मोटारींअभावी माणसे व माल वाहण्याचा भार घोडे, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे श्रमिक यांच्यावर पडला. प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसास ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि श्रमिकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेश दिला. दुसरीकडे, ई-रिक्षांमुळे घोडेवाल्यांच्या उपजीविकेचा प्रश्न पुढे येतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, जीवनचक्रातील अवस्था अटळ नसून धोरणाने त्यांची दिशा बदलता येते. दोन, धारणक्षमतेचे मोजमाप पाणी, वने व खोल्यांच्या संख्येपुरते मर्यादित ठेवणे अपुरे आहे; स्थानिकांचे श्रम व उपजीविका हाही तिचाच घटक मानला पाहिजे. ज्यांच्या श्रमावर पर्यटनस्थळ उभे राहिले, त्यांना वगळून झालेले पुनरुज्जीवन अपूर्णच ठरेल.