स्वतःला नांगरणारं वावर

या रे पोट्टेहो, सतरंजीवर सरकून बसा, कंदिलाची वात जरा वर करा. आज अशा नांगऱ्याची गोष्ट सांगतो ज्याला बैल लागत नाहीत, डिझेल लागत नाही, आणि जो आपल्या नागपूरकडच्या भारी वावरात वर्षानुवर्षं राबूनही मजुरी मागायला कधी दारात येत नाही.

तो नांगऱ्या म्हणजे खुद्द काळी माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखात लाव्हाचे थरावर थर ओतले गेले, तो दगड झिजत, कुजत गेला आणि त्याची ही काळी झाली, जिच्यात शंभरात पन्नास-साठ भाग नुसती चिकणमाती सापडते. आणि ती चिकणमातीही मोठी लबाड, पोथीच्या पानांसारखी पापुद्र्यांची, पाऊस आला की पानापानांत पाणी शिरून फुगते आणि उन्हानं पाणी उडालं की आवळून बसते. वैशाखात त्या आवळण्यानं भेगा पडतात, त्या एवढ्या की हात घातला तर बूड लागत नाही. आमच्या एका काकाचा इळा अशाच भेगेत गेला, तो काढायला त्यानं बाभळीची फांदी घातली तर फांदीही आतच राहिली, आणि काकूनं ते सगळ्या गावाला सांगितलं. असो. तर वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, ढोरांच्या खुरानं त्या भेगांत घरंगळते. मग पाऊस येतो, खालची माती फुगू पाहते, पण जागा तर वरून पडलेल्या मातीनं अडवलेली, म्हणून ती आजूबाजूला रेटते, तिरपी वर चढते, आणि घासून घासून आत चकचकीत पाट्या तयार होतात. माती सर्वेक्षणाची जी राष्ट्रीय संस्था 1976 साली स्थापन झाली आणि जिचं मुख्यालय आपल्या नागपुरात अमरावती रोडवर आहे, तिथले शास्त्रज्ञ खड्डे खणून याच पाट्या बघतात. गोटेही असेच हळूहळू वर येतात, म्हणून तर म्हातारे कुरकुरायचे, "वेचून धुऱ्यावर टाकले तरी या वावराले गोटेच पिकतात बाप्पा!"

आता गंमत बघा, वावर असं स्वतःच नांगरत असताना वरून आपण नांगर घातला तर काय होतं. आपल्याकडचा कोरडवाहू बन्सी गहू कशावर यायचा? पावसाळ्यात मातीनं पिऊन ठेवलेल्या ओलीवर, वरून थोडं दव. पाऊस उघडल्यावर कुणी खोल नांगर घातला तर ओली ढेकळं उन्हात उताणी पडणार आणि गव्हाच्या तोंडचं पाणी आभाळात जाणार. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. ते वखर हाणायचे, ज्याची पास उथळ सरकत तण कापते पण माती उलथत नाही, आणि मग तिफणीच्या चाड्यात मूठ धरून दाणा नळ्यांतून नेमका ओलीवर सोडायचे. नांगर निघायचा तो कुंदा, हरळी असली चिवट तणं माजली तर. पुढं ट्रॅक्टर आला आणि दरवर्षी खोल नांगरणं हे चांगल्या शेतकऱ्याचं लक्षण झालं.

तिकडं अमेरिकेत 1930 नंतरच्या दुष्काळात नांगरलेली माती वादळांनी उडून गेली, तेव्हा नांगराबद्दल शंका सुरू झाली. 1943 मध्ये एडवर्ड फॉकनर नावाच्या माणसानं नांगराविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या महाराष्ट्रात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातासाठी कायमचे गादीवाफे करून दाखवले: पीक कापायचं, मुळं जमिनीतच ठेवायची, त्याच वाफ्यावर पुढचं बी टोकायचं. कुजलेल्या मुळांच्या जागी बारीक नळ्या उरतात, त्यांतून हवा आणि पाणी खाली जातं, गांडुळांचीही वस्ती वाढते.

पण मी काही आंधळा भक्त नाही. न नांगरता तण आवरायला हे बिननांगरणीवाले लोक तणनाशक मारतात, ते माझ्या गळी उतरत नाही. आणि जमीन झाकायला काडीकचरा ठेवा म्हणतात, तर गव्हाचं कुटार ढोरांनी खायचं की वावरानं, हा तंटा घराघरांत आहे. माझं मत विचाराल तर कुटार ढोरांना, धसकटं वावराला.

यंदा बापाला सांगून धुऱ्यालगतची चार तासं नांगरू नका, नुसती वखरून पेरा, आणि पौषात तिथली आणि नांगरलेली माती टोपलंभर खणून हातात घेऊन बघा. ओल कुठं जास्त आहे ते मला येऊन सांगा.