रामसेचा पिक्चर आणि आपली रात्र

"आज रामसेचा पिक्चर हाय" अशी बातमी सकाळी हापशीवर पोचली की त्या दिवशी गाव लवकर जेवायचं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. झरी जामणीसारख्या भागातल्या माणसाला टॉकीज म्हटलं की वणी, पांढरकवडा, नाहीतर पैनगंगेपल्याडचं आदिलाबाद. जायला एस.टी. मिळायची, पण रात्रीचा खेळ पाहून परत यायचं कसं? म्हणून गणपतीत, दुर्गोत्सवात वर्गणी व्हायची. भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर यायचा. लाइटचा भरवसा नाही म्हणून सोबत जनरेटर. आधी देवाधर्माचा पिक्चर, मग मारामारीचा, आणि बायाबापड्या लेकरं घेऊन घरी गेल्या की मध्यरात्री भुताचा. खरं तर त्याही जात नसत. पदर तोंडावर घेऊन, पदराआडून बघत बसायच्या.

पडद्यावर नाव यायचं रामसे. हा कुणी एक माणूस असावा असाच बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात ते सात भावांचं एक घर होतं. त्या घरातला गोष्ट रचणारा आणि कॅमेऱ्यामागं उभा राहणारा मुख्य माणूस म्हणजे श्याम रामसे.

रेडिओच्या दुकानातून सिनेमात

श्याम यांचे वडील फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. फाळणीत ते सुटलं, कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं. नावाचं झालं एफ. यू. रामसे. सिनेमाची हौस होती, पैसा घातला, पण तो बुडाला. 1970 साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. मात्र त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला शिरतात आणि गोळ्या लागूनही त्यांना काही होत नाही. बाकी पिक्चर कंटाळवाणा वाटणारे प्रेक्षक त्या एका प्रसंगाला मात्र सरसावून बसायचे. हे तुलसी आणि श्याम या दोघा भावांनी थेटरात बसून टिपलं. लोकांना भ्यायचं आहे, तर मग सगळा पिक्चरच भीतीचा का नको, असं त्यांनी वडिलांना विचारलं.

त्यातून 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' आला. मारून पुरलेला नवरा जमिनीतून उठून परत येतो, ही त्याची गोष्ट. श्याम तेव्हा जेमतेम विशीतले. मोठा नट नाही, सेट नाही. सगळा लवाजमा घेऊन महाबळेश्वर गाठलं आणि थोड्या पैशात, थोड्या दिवसांत पिक्चर उरकला. शेतकऱ्याच्या घरात जशी कामं वाटलेली असतात तसाच इथला हिशेब. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज बघणार, अर्जुन फिल्म जोडणार, श्याम आणि तुलसी दिग्दर्शन करणार. स्वयंपाकही घरच्याच बाया करायच्या. बाहेरची मजुरी लागली नाही, की पीक अर्धं आलं तरी घर तरतं. रामसेंचं गणित हेच होतं.

मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी त्यांना कधी पंगतीला बसवलं नाही. त्यांचे पिक्चर चालले ते छोट्या गावच्या थेटरांत, जत्रेतल्या तंबूंत आणि पुढं व्हिडिओवर.

सामरीचा शाप

1984 साली 'पुराना मंदिर' आला आणि रामसेंच्या दारात पैसा आला. त्यातला सामरी म्हणजे उंच, धिप्पाड, लाल डोळ्यांचा सैतान. राजानं त्याचं मुंडकं उडवून धड एकीकडं आणि मुंडकं दुसरीकडं ठेवलं. मरताना त्यानं शाप दिला की या घराण्यातली प्रत्येक लेक बाळंतपणात मरेल. अजय अगरवाल या उंचपुऱ्या नटानं सामरी रंगवला. पुढं 1985 मध्ये 'सामरी', 1986 मध्ये 'तहखाना', 1988 मध्ये 'वीराना', 1990 मध्ये 'बंद दरवाजा' अशी रांगच लागली. 'वीराना'त रात्रीच्या रस्त्यावर गाडीला हात करणारी देखणी बाई पाहिली आणि गावोगावच्या नाल्याकाठी तशीच बाई दिसू लागली.

घरोघरी टीव्ही येऊ लागला तसा थेटरातला गल्ला आटला. श्याम आणि तुलसी यांनी तोही बदल ओळखला. 1993 पासून झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला. तीन तासांचं भूत दर आठवड्याच्या हप्त्यांत वाटलं गेलं. त्याच साली महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला आणि तात्या विंचूनं मराठी पोरांना बाहुलीचीही धास्ती लावली. तुलसी रामसे डिसेंबर 2018 मध्ये गेले, श्याम सप्टेंबर 2019 मध्ये. योगायोग असा की 2018 मध्येच राही बर्वे यांचा 'तुंबाड' आला. त्यातला हस्तर भयानक आहेच, पण त्याहून भयानक आहे ती माणसाची हाव. भुताची गोष्ट एवढी पुढं सरकली होती.

पिक्चर संपल्यावर

रामसेंच्या कामाला नावं ठेवायचं कारण नाही. धूर, निळा उजेड, रबरी मुखवटा आणि एक करकरणारं दार, एवढ्यावर त्यांनी अख्ख्या देशाला घाबरवलं. ते हुन्नराचं काम होतं आणि त्यांनी ते पोटासाठी, इमानानं केलं.

पण त्यांच्या पिक्चरमध्ये शेवटी सैतान मरतो तो बहुतेकदा त्रिशुळानं, मंत्रानं. मुंबईचा माणूस खुर्चीवरून उठतो, लोकल पकडतो आणि विसरतो. आपल्याकडं पिक्चर संपला की अंधार सुरू होतो. सामरीच्या शापानं बाळंतीण मेली की ती गोष्ट असते. आपल्या पोडावरची बाई बाळंतपणात जाते तेव्हा कारण शाप नसतो. कधी रक्त कमी असतं, कधी नाल्याला पूर असतो, कधी गाडी वेळेवर मिळत नाही. तरी बोट उठतं ते एखाद्या विधवेवर किंवा एकट्या म्हातारीवर, हिनं करणी केली म्हणून. ती बाई पुढं त्या गावात कशी जगते, हे कुणी पिक्चरमध्ये दाखवत नाही.

सापाचंही तसंच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखतही नाही. पहाटे डोळ्यांच्या पापण्या जड होतात, जीभ अडखळते. माणूस भुतानं धरल्यासारखा दिसतो, म्हणून आधी जाणत्याकडं नेतात. तिथं जे दोन तास जातात तेच त्याच्या जिवाचे असतात. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं, मंत्रात नाही. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, कुणाला करणी करणारी ठरवून छळणं, हे आता गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कायदा कागदावर आहे, तो प्रत्येक पोडावर पोचवायला हवा.

आजही रब्बीत रात्रीच्या पाळीची लाइट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस एकटाच बांधावर जातो. हातात बॅटरी, पायात बूट असले तर असले. त्याच्या रात्रीत सामरी नसतो. घोणस असते, रानडुक्कर असतं, उघडी पडलेली वायर असते. यातल्या एकालाही त्रिशूळ लागत नाही. बूट, उजेड आणि जवळचा दवाखाना लागतो.

जुन्या लोकांना अजून आठवतं, पिक्चर सुटला की कुणी एकटं घरी जायचं नाही. दहा-बारा जण एका कंदिलाच्या उजेडात निघायचे. मोठ्यानं बोलत, एकमेकांची फजिती करत प्रत्येकाला दारापर्यंत पोचवायचे. भीती रामसेंची असायची, सोबत गावाची. भुताचे पिक्चर पोरांनी खुशाल बघावेत. फक्त रात्री कुणाच्या घरात तोंडाला फेस आला, कुणाला कळा सुरू झाल्या, तर हीच सोबत जाणत्याच्या झोपडीकडं न वळता दवाखान्याच्या रस्त्याला लागावी.